काटेरी हलवा घरी करायचा तर परात डिसेंबरातच काढा

हलवा संक्रांतीच्या आदल्या दिवशी होत नाही. मार्गशीर्ष सरत आला, पहाटे नळाचं पाणी हाताला झोंबायला लागलं, ओठ फुटायला लागले, की समजायचं हवा कोरडी झाली आणि हलव्याला बसायची वेळ आली. मी पुण्यात हलव्याचे दागिने करून देते. हात मात्र वाईचा आहे. आमची आत्या कृष्णाकाठच्या वाड्यात कोळशाच्या शेगडीवर हलवा करायची आणि आम्हा मुलींना शेजारी बसवून घ्यायची. तिची रीत इथे सविस्तर लिहिते, कारण पाककृतींमध्ये "मंद आचेवर पाक सोडत हलवत राहावे, काटा येतो" एवढ्या एका ओळीत हा सगळा प्रकार गुंडाळलेला असतो. त्या ओळीवर विसंबून बसलं तर काटा येत नाही.

आधी थोडं साखरेबद्दल, कारण हलवा म्हणजे साखर. आज अर्धा किलो साखर परातीत गेली तरी कुणाला काही वाटत नाही. आपल्या पणज्यांच्या काळी घरात रोजचा असायचा तो गूळ. पांढरी साखर मुंबई बंदरातून यायची, मॉरिशसची, जावाची, चीनची. मॉरिशसच्या साखरेला आपल्याकडे मोरस म्हणत. १९०५च्या स्वदेशी चळवळीत परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार पडला होता. १९३२मध्ये सरकारने देशी साखरेला संरक्षण देणारा कायदा केला आणि कारखाने भराभर उभे राहिले. नगर जिल्ह्यात बेलापूरचा कारखाना त्याआधीपासून होता, मग वालचंदनगर आलं आणि १९५०च्या हंगामात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना सुरू झाला. साखर महाराष्ट्राची झाली ती अशी. तरीही रेशनचे दिवस होतेच. आत्या दसऱ्यापासून रेशनच्या साखरेतली मूठ-मूठ बाजूला काढून ठेवायची, हलव्यासाठी म्हणून. इतकी जपलेली वस्तू सुनेच्या पहिल्या संक्रांतीला दागिने करून अंगावर घालायची आणि बाळाच्या बोरन्हाणाला डोक्यावरून ओतायची, यातलं कौतुक त्याशिवाय कळत नाही.

बाजारात हे काम साखरेच्या भट्टीवाल्यांचं. पेढे-बर्फीचा हलवाई वेगळा, साखरेचा कारागीर वेगळा. पुण्यात काका हलवाई १८९२पासून आहेत, चितळे बंधूंचं पुण्यातलं दुकान १९५०चं. ही नावं घराघरांत पोचली ती खवा आणि दुधाच्या मिठाईमुळे. साखरेची भट्टी मात्र सणांच्या पंचांगावर चालायची. संक्रांतीला हलवा आणि रेवडी, होळी-पाडव्याला गाठी, दिवाळीत लक्ष्मीपूजनाचे बत्तासे. आमच्या आळीच्या टोकाला अशी एक भट्टी होती. गाठींचे सागवानी साचे पाण्यात भिजत घातलेले असायचे, म्हणजे साखर लाकडाला धरत नाही. साच्यात दोरा ताणायचा, वरून दाट पाक ओतायचा. पाच-दहा मिनिटांत माळ तयार. बत्तासा त्याहून झटपट, घोटलेल्या पाकात चिमूटभर सोडा घालून थेंब टाकत जायचे. हलवा मात्र भट्टीवालाही घाईने करू शकायचा नाही. म्हणून तिथे हलव्याच्या परातीशी म्हातारा कारागीर बसलेला दिसायचा आणि गाठींवर तरणी पोरं.

आता कामाला लागू.

गाभा

हलव्याच्या प्रत्येक दाण्याच्या पोटात काहीतरी असतं. संक्रांतीचा म्हणून तीळ मुख्य. पॉलिश केलेले पांढरे तीळ घ्या, निवडून, चाळून, कोरडेच जरा गरम करून. खमंग भाजायचे नाहीत, त्यातून तेल सुटलं की साखर धरत नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांनी साबुदाण्यापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. दाणा गोल, कोरडा आणि तेल नसलेला, त्यामुळे पाक पटकन धरतो. साबुदाण्याचा हलवा मोत्यासारखा होतो आणि तन्मणीला, मुकुटाला तोच लागतो. खसखशीचा अगदी बारीक होतो, नथीला आणि भिकबाळीला शोभतो. लांबट दाणा हवा तर लवंग किंवा शेवयांचे तुकडे. बडीशेप, वेलदोड्याचे दाणे, मगज, चारोळी, डाळं यांचाही करतात. शेंगदाणा आणि काजू मी टाळते, दाणा फार मोठा होतो आणि दागिन्यात बोजड दिसतो. नुसता खायला असेल तर जरूर करा.

तिळाचं प्रमाण ऐकून लोक हसतात. अर्धा किलो साखरेला दोन मोठे चमचे तीळ पुरतात. परातीच्या तळाशी चार दाणे पसरल्यागत दिसतात, पण शेवटी डबा भरतो. वाटीभर तीळ घेतले तर साखर वाटून जाते आणि जेमतेम पांढरे झालेले तीळ हातात राहतात.

पाक

एका दिवसाला एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी. पूर्ण विरघळली की उकळी येऊ द्या आणि चमचाभर दूध घाला. दूध फाटतं आणि साखरेतला मळ घेऊन वर येतं. ती मळी काढून टाका आणि पाक पातळ मलमलीतून गाळा. हल्लीची साखर स्वच्छ असते, तरी हे चुकवू नका. हलव्याचा शुभ्रपणा इथेच ठरतो. बाजारची पिठीसाखर वापरू नका, तिच्यात बऱ्याचदा कॉर्नफ्लोअर असतं, पाक गढूळ होतो.

पाक एकतारी हवा. अंगठा आणि तर्जनीत थेंब धरून बोटं हळूच लांब केली की एक तार यावी आणि लगेच तुटावी. थर्मामीटर असेल तर १०४ ते १०५ अंश सेल्सियस. दोनतारीकडे गेला तर परातीत पडताक्षणी भुगा होतो. कच्चा राहिला तर आधीचा थर विरघळवून टाकतो, म्हणजे तासाभराची मेहनत पाण्यात. तयार पाकाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. गार झाला तर वाटीतच खडे धरायला लागतात, आणि तसा पाक हलव्यावर घालायचा नाही. चमचाभर पाणी घालून पुन्हा उकळून एकतारी करून घ्या.

परात आणि आच

पसरट, जाड बुडाची परात. कल्हई केलेली पितळी असेल तर उत्तम, ऊब सगळीकडे सारखी पसरते. स्टीलची असेल तर खाली लोखंडी तवा ठेवा. आत्याकडे शेगडीतल्या निखाऱ्यांवर राख पसरलेली असायची. गॅसवर तेच काम तवा आणि सगळ्यात बारीक ज्योत करतात. परात किती तापू द्यायची? तळव्याने टेकून सावकाश पाच आकडे मोजता यावेत. मोजता आले नाहीत तर आच जास्त. ज्योत आणखी बारीक होत नसेल तर गॅस बंद करा, परातीतली ऊब वापरा, ती निवली की पुन्हा पेटवा.

पंखा बंद. खिडकी उघडी, पण वारा थेट परातीवर नको. त्याच ओट्यावर कुकर लावू नका, वाफ हलव्याची वैरी आहे. ढगाळ दिवस असेल तर काम सरळ उद्यावर टाका. कोकणातल्या मैत्रिणींना मी सांगते, दुपारी बारा ते चार एवढाच वेळ धरा, सकाळ-संध्याकाळच्या दमट हवेत काटा धरत नाही.

रोजचं काम

पहिल्या दिवशी काहीही होत नाही असं वाटतं. परातीत तीळ, त्यावर अर्धा चहाचा चमचा पाक, आणि लगेच बोटांनी फिरवायला सुरुवात. तीळ एकमेकांना चिकटतात, सोडवायचे. हळूहळू ओलेपणा जातो, दाणे सुटे होतात, परातीवर कोरडा खुळखुळ आवाज येतो. तो आवाज आला की एक फेरी झाली, त्याआधी पुढचा पाक घालायचा नाही. या कामात डोळ्यापेक्षा कान जास्त उपयोगी पडतो. दर पाच-सहा फेऱ्यांनी हलवा चाळणीवर घेऊन खालचा साखरेचा भुगा बाजूला काढून ठेवा, परात ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. भुगा तसाच राहू दिला तर पुढचा पाक तोच शोषून घेतो आणि दाणे उपाशी राहतात. तासभर काम झालं की थांबा. हलवा परातीतच पातळ सुती कापड झाकून रात्रभर ठेवा. डब्यात घालायची घाई नको, आतला ओलावा निघून जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी तीळ दिसेनासे होतात. पांढरे गुळगुळीत मणी, थोडे वेडेवाकडे. आता पाक थोडा वाढवला तरी चालतो, पाऊण चमचा. या दोन्ही दिवशी बोटं जोर लावून, गोल गोल फिरवायची, म्हणजे थर सारखे बसतात.

तिसऱ्या दिवसापासून हात बदलायचा. पाककृतीत हीच गोष्ट लिहिलेली नसते. काटा हा साखरेचा स्फटिक असतो. पाक वाळतो तेव्हा त्यातली साखर आधीच असलेल्या स्फटिकांवर बसते. दाण्याचा जो भाग किंचित वर आलेला असतो तो परातीवरच्या ओल्या पाकाला आधी टेकतो, जास्त पाक घेतो आणि लवकर वाळतो. म्हणून उंचवटा आणखी उंच होतो. तुम्ही दुसऱ्या दिवसासारखंच घासत राहिलात तर ही टोकं झिजतात आणि हलवा बडीशेपेच्या गोळ्यांसारखा गुळगुळीत राहतो. म्हणून आता घासायचं नाही. बोटं किंचित वाकवून कडेचे दाणे उचलायचे आणि मध्ये सोडायचे, परात फिरवत सगळीकडून तेच. पाक पुन्हा अर्ध्या चमच्यावर आणायचा आणि एका जागी न ओतता चमच्याच्या टोकाने थेंब थेंब शिंपडायचा. दोन फेऱ्यांच्या मध्ये दाणे मिनिटभर अजिबात न हलवता ठेवायचे.

पहिला काटा दिसतो तो असा: खिडकीशी जाऊन एक दाणा तळव्यावर घ्या आणि उन्हात तिरका धरा. पृष्ठभागावर बारीक टिपके चमकायला लागलेले असतात, एखादी सूक्ष्म खरखर. बोटाच्या पेराला ती डोळ्याआधी कळते. पुढच्या आठ-दहा फेऱ्यांत टिपक्यांची टोकं होतात. चौथ्या-पाचव्या दिवशी दाणा बोटात फिरवला की टोचतो. एवढं झालं की थांबा. हाव धरून पुढे गेलात तर काटे एकमेकांत भरून जातात आणि दाणा पुन्हा गोल व्हायला लागतो.

हात भाजतो हे खरं आहे. मऊ मलमलीची पुरचुंडी करून तिने हलवता येतं, पण तिसऱ्या दिवसानंतर ती नको, काटे मोडतात. लाकडी उलथनं तर अजिबात नको.

रंग हवा असेल तर शेवटच्या दिवशीच्या पाकात घाला, म्हणजे फक्त टोकं रंगतात आणि आतला पांढरा दिसत राहतो. केशर खलून घातलं तर सुरेख पिवळा येतो. मला स्वतःला पांढराच आवडतो. काळ्या चंद्रकळेवर पांढरा हलवा जे दिसतो त्यापुढे गुलाबी-हिरवा फिका पडतो.

बिघडलं तर

हलवा पिवळसर दिसतोय म्हणजे आच जास्त झाली. रंग मागे जात नाही, पण पुढचे थर मंद आचेवर चढवले की झाकला जातो. दोन-दोन, तीन-तीन दाण्यांचे गोळे झाले तर पाक एकदम जास्त पडला. परात उतरवा, गार होऊ द्या आणि गोळे हाताने सोडवा, गरम असताना ओढाल तर थराचा पापुद्रा निघेल. नुसता भुगाच पडतोय तर पाक पुढे गेलेला आहे. सगळं नीट करूनही काटा येत नसेल तर बाहेर बघा, आभाळ आलेलं असेल. हलवा कापडाखाली ठेवून द्या, दोन दिवसांनी पुन्हा सुरू करता येतो. तो वाया जात नाही.

ही युक्ती आपल्याच स्वयंपाकघरात सापडली असं मात्र नाही. दाण्यावर साखरेचे थर चढवायची कला इराण-अफगाणिस्तानात नुकल म्हणून आहे, बदामावर करतात. जपानात तर हुबेहूब आपल्यासारखा काटेरी दाणा मिळतो, त्याचं नाव कोनपेइतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तो तिथे पोचला. १५६९मध्ये लुईस फ्रोइस या पाद्र्याने ओदा नोबुनागा या सरदाराला तो नजर केला होता. कोनपेइतोच्या पोटात आधी खसखस किंवा तीळ असायचे. क्योटोमध्ये १८४७पासून चालू असलेलं कोनपेइतोचं एक दुकान आहे. तिथला कारागीर तिरप्या ठेवलेल्या, फिरत्या, तापलेल्या कढईपाशी पंधरवडाभर उभा राहून एक घाणा काढतो आणि पाक कधी घालायचा ते दाण्यांच्या आवाजावरून ठरवतो. हे मला कळलं तेव्हा आत्याची फार आठवण आली. ती कान परातीकडे लावून बसायची आणि आम्ही बोललो की "गप्प बसा गं" म्हणून दटवायची.

आपल्याकडेही आता फिरत्या कढईचा हलवा खूप निघतो. दुकानात घेताना ओळखायचा असेल तर दाणे निरखून बघा. यंत्राचे दाणे सगळे एका मापाचे असतात आणि काटे बोथट. हाताच्या हलव्यात लहान-मोठं असतंच आणि टोक जिभेला टोचतं. यंत्राचा वाईट असतो असं माझं म्हणणं नाही, वाटायला किलोभर हवा तर तोच घ्यावा. पण दागिन्यांना हाताचाच लागतो, आणि त्याचं कारण नुसती हौस नाही.

हलव्याचा दाणा सुईने ओवता येत नाही, भोक पाडायला गेलं की दुभंगतो. त्याला दोऱ्याने बांधतात. पांढरा सुती दोरा दुहेरी घ्यायचा, त्याचा फास करून दाण्याच्या कमरेत घालायचा आणि ओढायचा. काटे असतील तर दोरा त्यांच्यात अडकून बसतो. गुळगुळीत दाणा फासातून निसटतो, म्हणून यंत्राच्या हलव्याचे दागिने पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवलेले असतात. चिंचपेटी, बाजूबंद, कंबरपट्टा यांना पुठ्ठ्याचा आधार लागतो, तिथे चिकटवण्यात गैर काही नाही. पण बाळाच्या अंगावर जे घालाल, हातातले वाळे, गळ्यातला हार, बासरी, ते बांधलेलंच असू द्या. बाळ ते तोंडात घालणारच. तिथे गोंद नको, तार नको, चमकीही नको. लहानग्यांच्या बाबतीत लवंगेचा किंवा मोठ्या दाण्याचा हलवाही टाळा, घशात अडकतो. बोरन्हाणाला ओतायच्या हलव्यात मी खसखशीचा आणि तिळाचा बारीकच घेते, बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे यांच्याबरोबर.

दागिने संक्रांतीच्या आठ दिवस आधी बांधून ठेवले तरी चालतात. पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली कापूस आणि त्यावर बटर पेपर. प्लास्टिकच्या डब्यात ओलावा धरतो. फ्रिजमध्ये तर मुळीच नाही, बाहेर काढल्याबरोबर दाण्यांना घाम सुटतो आणि काटे बसतात. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, तोवर हलवा नीट राहतो. एकदा अंगावर घातलेले दागिने मात्र घामाने चिकट होतात, ते त्याच दिवशी सोडवून मुलांना खायला द्यावेत.

सुटा हलवा काचेच्या बरणीत, तळाशी मलमलीच्या पुरचुंडीत मूठभर तांदूळ ठेवून भरा, पावसाळ्यापर्यंत टिकतो. आणि चाळणीखाली जमलेला तो साखरेचा भुगा टाकू नका. त्याला तिळाचा वास लागलेला असतो. गुळाच्या पोळीबरोबरच्या दुधात घाला, नाहीतर पाणी घालून, उकळून, गाळून दुसऱ्या घाण्याचा पाक करा.